आईच्या काडेपेट्या

आई रिकाम्या काडेपेट्यांत बिया, पिसं, मणी भरत होती. तिच्या शाळेच्या वर्गातली आदिवासी मुलं पेटी उघडून आपल्या कोरकू भाषेतला शब्द सांगत, मग ती मराठी शब्द देई.

“प्राध्यापकबाई, तुमच्या उपयोजित भाषाविज्ञानात माझा वर्ग बसतो का?” तिनं लेकीला विचारलं.

“आई, तिथे सिद्धान्त लागतो.”

“मग उपयोजित कशाला म्हणता गं?” आई हसली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तारीख लिहिताना आई कोसळली, ती उठलीच नाही.

तेराव्यानंतर लेक काडेपेट्या घेऊन वर्गात गेली. एक मुलगी पेटीतली बी दाखवून काहीतरी म्हणाली आणि मराठी शब्दाची वाट पाहू लागली. भाषाशिक्षणात डॉक्टरेट मिळवलेल्या लेकीला ना तो शब्द कळला, ना ती बी ओळखता आली.

आईसमोर कधीच न बोललेलं ती रिकाम्या खुर्चीकडे बघून मोठ्यानं म्हणाली, “आई, मला येत नाही गं.”