शत्रूचा चहा

चौसाळ्याचे गहिनीनाथ लढायांचे पटावरचे खेळ एकटेच खेळत, पण समोरच्या रिकाम्या पाटापुढे शत्रूसाठीही चहा मागवत. शत्रू असला तरी पाहुणाच. रोज वाया जाणाऱ्या कपाला वैतागून छबुबाईंनी नवऱ्याला फर्मावलं, "दोन खेळांपैकी एकच ठेवा. दुसरा आजच भंगारवाल्या रईसला." गहिनीनाथ कासावीस झाले. "किल्ल्याच्या खेळात शत्रू उचललेल्या पत्त्यांवर चालतो, लई बेरकी हाय. आरमाराच्या खेळातला फाशांच्या दानावर चालतो, निव्वळ येडा. तरी भ्या येड्याचंच वाटतं. कोणता टाकू?" "सरका, मीच बघते," म्हणत छबुबाई शत्रूच्या पाटावर बसल्या. पत्ते बाजूला सारून त्यांनी स्वतःच्या डोक्यानं किल्ल्याला वेढा घातला. तोफांच्या धुरानं म्हणे गल्लीतल्या कोंबड्या खोकल्या. चहा निवायच्या आत गहिनीनाथांचा किल्ला पडला. तो चहा पिऊन छबुबाईंनी रिकामा कप नवऱ्यापुढे सरकवला. "आता आरमार मांडा," त्या म्हणाल्या, "आन् शत्रूचा चहा तुमी करा."