एकही मृत्यू नाही

तिसऱ्या रुग्णालयाचंही फाटक उघडेना. ॲम्ब्युलन्समध्ये कौसल्याबाई छाती धरून तळमळत होत्या. त्यांच्या छातीवरची, ठोके मोजणारी पट्टी स्वयंचलित फाटकानं बाहेरूनच वाचली आणि गोड आवाजात सांगितलं, "वाचण्याची शक्यता एकतीस टक्के. कृपया पुढच्या रुग्णालयात जा."

फाटकावर पाटी झळकत होती, 'हार्ट अटॅकने यंदा एकही मृत्यू नाही.' ती वाचून ड्रायव्हर दत्तू घोडकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं बाईंची पट्टी उपटली आणि स्वतःच्या छातीवर चिकटवली.

"अठ्ठ्याण्णव टक्के. स्वागत आहे!"

फाटक उघडलं. स्ट्रेचरवर बाईंना पाहताच डॉक्टर ओरडले, "अरे, आमचा निकाल बिघडेल!"

"तुमचे पेशंट माझ्या गाडीत मरतात, म्हणून ही पाटी मिरवता!" दत्तू गरजला. "बाईंना वाचवा, नाहीतर इथंच, तुमच्या नावावर मरू द्या!"