क्लोडेटची उपसूचना

"आणखी कुणाची उपसूचना आहे का? नसेल तर ठराव मताला टाकतो," सभापती वॉल्टर ग्रिफिन म्हणाला, आणि क्लोडेट मिशो उभी राहिली.

मार्चच्या गावसभेला शाळेच्या जिममध्ये सगळं गाव लोटलं होतं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून माणसं भिंतीला टेकून होती. मागच्या टेबलांवर दुपारच्या जेवणाची पातेली येऊन निवत चालली होती, तिकडे कुणी फिरकत नव्हतं. ठराव एकच होता: विमानतळाच्या जुन्या इमारतीत कॅसिनो येऊ द्यायचा की नाही. येऊ दिला तर कॅसिनोवाले तीस वर्षं धावपट्टी सांभाळणार. नाही म्हटलं तर जूनमध्ये विमानतळाला कुलूप.

सकाळपासून नुसती जुंपली होती. "गावाचं वाटोळं होईल," असं पाद्रीबाबा म्हणाले, तर मागून कुणीतरी ओरडलं, "कागद गिरणी गेली, दवाखाना गेला. आता वाटोळं व्हायला उरलंय काय?"

क्लोडेटला कॅसिनोशी काही देणंघेणं नव्हतं. तिला धावपट्टी हवी होती. तिची नात एलोडी सहा वर्षांची, जन्मापासून हृदय अधू. या हिवाळ्यात पोर दोनदा निळी पडली. दोन्ही वेळा रस्ता बर्फाखाली गाडला गेलेला, आणि दोन्ही वेळा शहरातून रुग्णविमान आलं म्हणून ती वाचली. विमान उतरायला जागाच नसेल तर?

आणि शेजारच्या खुर्चीवर तिचा नवरा बसला होता. अरमांड. जुगारापायी या माणसाने राहतं घर घालवलं होतं. आता नऊ वर्षं झाली, पत्त्याला हात लावलेला नाही. कारण सगळ्यात जवळचा कॅसिनो चार तासांवर, आणि गाडीची किल्ली क्लोडेटच्या उशाखाली. नवा कॅसिनो मात्र घरापासून दहा मिनिटांवर होणार होता, तोही चालत.

"बोल क्लोडेट," वॉल्टर म्हणाला.

"कॅसिनो येऊ द्या."

काही टाळ्या पडल्या.

"थांबा, झालं नाही माझं. येऊ द्या, पण अरमांड मिशोला आत घ्यायचं नाही, असं ठरावात लिहा. दारावर त्याचा फोटो लावा."

जिमभर हसू फुटलं. "अगं बाई, घरातलं भांडण घरात मिटव की!" "माझ्या हर्बर्टचाही लावा गं, वरची कवळी काढून!"

"हसा, हसा," क्लोडेट म्हणाली. तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "नऊ वर्षं मी या माणसाला राखतेय. दुकानात दूध आणायला गेला तरी माझा डोळा घड्याळावर. अडुसष्ट वर्षांची झाले मी. पोरीसाठी धावपट्टी पाहिजे, आणि हाही पाहिजे मला. दोन्ही राखायचं माझ्या एकटीच्याने होत नाही. त्या दारात आता तुम्ही उभे राहा."

हसू विरलं. क्लोडेटने अरमांडकडे बघितलं नाही. त्याला आधी सांगायचा धीर तिला झालाच नव्हता.

वॉल्टरने घसा खाकरला. "उपसूचना लेखी लागते, क्लोडेट."

कारकूनबाईने कागद पुढे केला. क्लोडेटने तो गुडघ्यावर ठेवून लिहिलं. अक्षरं इतकी वेडीवाकडी आली की कारकूनबाईला वाचताना दोनदा अडखळावं लागलं. अरमांडचं पूर्ण नाव तिने मोठ्याने वाचलं.

"अनुमोदन?" वॉल्टरने विचारलं.

एकही हात वर गेला नाही. अरमांडने ज्याचा घर उबदार ठेवणारा बॉयलर दुरुस्त केला नाही असं घर गावात नव्हतं. हिमवादळात तो कुणाकडे गेला नव्हता? त्याचा फोटो दारावर ठोका म्हणून हात कोण वर करणार? क्लोडेटने सख्ख्या बहिणीकडे बघितलं. बहिणीने मान खाली घालून विणकामाचे टाके मोजायला घेतले.

"अनुमोदन मिळालं नाही तर उपसूचना पडते. मी पुन्हा एकदा विचारतो," वॉल्टर म्हणाला. त्याच्याही जिवावर आलं होतं.

करा रे कुणीतरी, क्लोडेट मनातल्या मनात आक्रोश करत होती. माझ्यासाठी नको, त्या लेकरासाठी करा!

शेजारची खुर्ची करकरली. अरमांड उठला होता. टोपी दोन्ही हातांत चुरगाळलेली, मान लालबुंद. गेला, तिला वाटलं, भर सभेत मी याची अब्रू काढली आणि हा आता उठून चालला. वाटेतल्या माणसांनी त्याला जाऊ द्यायला पाय आत घेतले.

पण तो हलला नाही. "आहे," तो म्हणाला.

"काय आहे?"

"अनुमोदन. माझं."

वॉल्टरने कारकूनबाईकडे बघितलं. "हे चालतं का?"

"मतदार आहे तो," ती हळूच म्हणाली. "चालतं."

"मग लिहून घ्या," अरमांड म्हणाला. "आणि त्यात एक वाक्य वाढवा. मी स्वतः दाराशी आलो, काहीही पटवून सांगितलं, अगदी नातीची शपथ घेतली, तरी मला आत सोडायचं नाही."

कारकूनबाईचं पेन तसंच थांबलं.

"लिहा हो," तो म्हणाला. "मी फार गोड बोलतो."