परत न येणारी रक्कम

बँकेतल्या संगणकाच्या पडद्यावर पहिलीच ओळ होती : रक्कम परत. परदेशी व्यवहारांच्या टेबलावरच्या बाईने चष्मा पुसला आणि खालचे कारण पुन्हा वाचले. "डोकं दुखतंय. मी निघते," ती शेजारच्या कारकुनाला म्हणाली.

तिचा नवरा कामासाठी परदेशी गेला आणि वर्षभरात त्याचा फोन कायमचा बंद झाला. पत्रे गेली, अर्ज गेले, उत्तर कुठूनच आले नाही. हाती उरला त्याचा खाते क्रमांक आणि परदेशी पैसे पाठवायला लागणारा त्याच्या बँकेचा स्विफ्ट कोड. चार अक्षरे बँकेची, दोन देशाची, दोन शहराची. नवऱ्याचा आवाज ती विसरत चालली होती, पण कोड झोपेतून उठवून विचारला तरी सांगितला असता.

दर महिन्याला ती त्या खात्यात थोडेसे पैसे पाठवी. रकमेपेक्षा शुल्कच जास्त. कारकून चिडवायचा, "बाई, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!" ती हसून सोडून द्यायची. माणूस मेल्याचे कळले की बँक त्याचे खाते बंद करते आणि तिथे पाठवलेले पैसे परत येतात, हे तिला नोकरीने शिकवले होते. तिचे पैसे कधीच परत आले नव्हते.

म्हणून सासू रोज दारातच विचारी, "पैसे परत आले नाहीत ना गं?"

"नाही, आई." मग दोघींच्या घशाखाली घास उतरे.

आजही सासूने तेच विचारले. सून बराच वेळ चपला काढत राहिली.

"आले, आई."

सासू भिंतीला टेकून खाली बसली आणि तिने हंबरडा फोडला. इतकी वर्षे ते रडणे तिने दाताखाली धरले होते. शेजारीण धावत आली, दारातच थबकली, पदर तोंडाला लावून परत गेली.

"पोचत तरी होते का गं त्याला?" सासूने हुंदक्यातून विचारले.

"पोचत होते."

सुनेला स्वतःला रडू येत नव्हते. खरे सांगून टाकावे म्हणून तिने तोंड उघडले. पण मेलेल्या मुलासाठी आईला निदान मोकळेपणी रडता येते. तिने सासूला पोटाशी धरले आणि पडद्यावरचे ते कारण गिळून टाकले : खातेदाराने काल स्वतः शाखेत येऊन, सगळी शिल्लक काढून, खाते बंद केले.