रोजचा थांबा

ओवीच्या बापाने स्कूलबसच्या ड्रायव्हरला, गेनूकाकांना, गचांडी धरून खाली ओढलं आणि जॅकचा दांडा खांद्यावर हाणला. "ॲपवर रोज दिसतं मला! बस याच गल्लीत उभी. दारू ढोसायला थांबतोस ना?"

गेनूकाकांनी रक्त थुंकलं. आयुष्यात दारूला न शिवलेला तो माणूस म्हणाला, "हो साहेब. पितो मी."

पुढच्या फटक्याने मनगट मोडलं. तरी उत्तर तेच.

बसच्या खिडकीतून ओवी किंचाळली, "बाबा, मारू नका! काका मला इथे आईला भेटवतात!"

दांडा हवेतच थांबला. त्याच्या हातून जीव वाचवून पळालेली बायको तो वर्षभर शोधत होता. त्याने समोरच्या खोलीकडे पाहिलं. आतून घाईने कडी लागली.

तो तिकडे वळताच गेनूकाकांनी मोडक्या हातानेच त्याच्या पायांना मिठी मारली.

"मलाच मारा साहेब! अजून जिवंत आहे मी!"