उद्याचे वाढे

ताडपत्री उचलली तशी आंबूस, गरम वाफ भामाबाईच्या तोंडावर आली. तिने हात आत घातला. वाढे काळे पडून चिकट झाले होते आणि मधोमध पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. समोर दावणीला तिची गाभण कपिली उपाशी उभी होती.

कड्याजवळच्या त्या चारा छावणीत आज ट्रकच आला नव्हता. दूध संस्थेची माणसं रोज सकाळी उसाचे हिरवे वाढे, शेंड्याकडचा पाला, वाटून द्यायची. आज नुसता निरोप आला, ट्रक वाटेत बिघडलाय, उद्या येईल. छावणीभर जनावरं हंबरत होती. भामाबाई मात्र सकाळपासून मनात खूश होती. असल्याच दिवसासाठी तर कपिलीच्या वाट्यातले निम्मे वाढे काढून तिने झोपडीमागे चोरून रचले होते. छावणी आज आहे, उद्या नाही. गाय धड व्याली तरच दुष्काळानंतर घर उभं राहणार होतं.

ती माळरानावरची बाई. तिला ज्वारीच्या कडब्याची गंज ठाऊक. कडबा वर्षभर टिकतो, मग वाढ्यांना काय धाड भरते? पण ओला चारा झाकला की तापतो, हे उसाच्या गावात कुणीही सांगेल. भामाबाईच्या गावात ऊस कधी उगवलाच नव्हता.

शेजारच्या दावणीला सुंदरबाईची म्हैस होती. सगळे सुंदरबाईला मावशी म्हणत. मावशी ख्रिस्ती. दिवस कलला की ती बायकांना बायबलातल्या गोष्टी सांगायची आणि एक गोष्ट तर फिरून फिरून. मोशेची माणसं रानात भटकत होती. तिथं ना पीक, ना पाणी. तर पहाटे दवासंगं आभाळातून भाकर पडायची.

"लागंल तेवढीच येचायची," मावशी म्हणायची. "उद्याला म्हणून दडवली, की तिच्यात किडे."

"तुझ्या मोशेकडं गाभण गाय नसंल मावशे," भामाबाई हसायची. "असती तर त्यानंबी दडवली असती."

आणि मनात म्हणायची, हिची म्हैस बघा. सगळा वाटा खाते, तरी बरगड्या वर आलेल्या. माझी कपिली अर्ध्यावर असून अंगानं भरतेय. खंडोबाची कृपा, दुसरं काय!

आता त्याच कपिलीकडे बघवेना. आपल्याच हातानं आपण तिच्या तोंडचा घास कुजवला, या विचाराने भामाबाईला रडू फुटलं. तेवढ्यात मावशी आली. काल म्हशीपुढून काढून ठेवलेले थोडे वाढे तिच्या काखेत होते. तिला लांबून बघताच कपिलीने दाव्याला ओढ दिली, हंबरली, आणि मावशी जवळ येताच तिचा हात कोपरापर्यंत चाटू लागली. जनावर अशी माया रोजच्या हातालाच लावतं.

भामाबाईने डोळे पुसले. एकदा गायीकडे बघितलं, एकदा म्हशीच्या बरगड्यांकडे.

"मावशे... कवापास्नं?"

"तू टँकरवर पाण्याला गेलीस की घालायची थोडं. पोटुशी हाय माय ती. अर्ध्यावर कशी निभंल?"

"मग मला बोलली कावून न्हाईस?"

"रोज तर बोलत व्हते," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. भामाबाईने आपला वाटा आणला. पहिली कवळ म्हशीपुढे टाकली, बाकी सगळे वाढे कपिलीपुढे. ताडपत्री तिने भल्या सकाळीच धुऊन दोन्ही दावणींवर सावलीला बांधली होती.

मावशीने मुद्दाम चिडवलं, "आगं, समदं घातलंस? अन् उद्याला?"

"उद्याला तू हायेस की, मावशे."