पिशवीतली वाळू

पिशवी आजही जड लागली. क्रेनने ती जमिनीवरून गुडघ्यापर्यंत आणली, तिथे ती अडली, आणि त्याने मुकाट्याने खाली ठेवली. अंगाला घाम फुटला होता. तो कष्टाचा की इंजेक्शनचा, हे आताशा त्याला कळेनासं झालं होतं.

क्रेन हे नाव त्याला सोबतच्या गड्यांनी ठेवलेलं. उभा जन्म लोकांचं सामान या घरातून त्या घरात नेण्यात गेला. लोखंडी कपाटं, फ्रीज, शिसवी पलंग, सगळं जिन्याने वरखाली. मग प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी पोटात इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली. ज्या पुरुषी हार्मोनवर हा आजार पोसला जातो, तेच बंद करणारी इंजेक्शनं. आजार उपाशी राहिला खरा, पण त्याच्याबरोबर क्रेनचे दंडही उपाशी राहिले. पोट सुटलं, छाती हुळहुळी झाली, पंख्याखाली बसल्या बसल्या अंगातून वाफा निघायला लागल्या.

"व्यायाम सोडायचा नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं. "तो सोडलात की स्नायू जातील, हाडं ठिसूळ होतील, आणि मग उभं राहायचेच वांधे."

मरणाचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं. पण अंथरुणाला खिळायचं आणि बायकोने उचलायचं, हा नुसता विचारही त्याला सोसायचा नाही. बायको म्हणजे एवढीशी, त्याच्या खांद्याला जेमतेम लागणारी. जन्मभर दुनियेची ओझी वाहिलेल्या माणसाने म्हातारपणी तिच्या कमरेवर ओझं होऊन बसायचं? छे. त्यापेक्षा मेलेलं बरं. म्हणून त्याने जुन्या ताडपत्रीची पिशवी शिवली, तिच्यात वाळू भरली. सकाळी मागच्या खोलीत ती उचलायची, संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडायचं.

सुरुवातीला छान जमलं. मग पिशवी जड होत गेली. त्याने चिमूटभर वाळू वाढवली नव्हती, म्हणजे झिजत होता तो तोच. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच. ती दर रविवारी त्याला वजनकाट्यावर उभं करायची आणि काटा जरा वर सरकला की तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

"अगं, मला काय विकायचंय का? सारखी मापतेस कशाला?" तो म्हणायचा. एरवी अशा बोलण्याला ती सव्वाशेर उत्तर द्यायची. काट्यापाशी मात्र गप्प.

त्या संध्याकाळी त्याच्या पायांत त्राणच नव्हतं. कोपऱ्यापर्यंत गेला आणि तसाच माघारी आला. दार नुसतं लोटलेलं होतं. मागच्या खोलीतून बायकोचा धापा टाकणारा आवाज आला, "घेतलं."

तो जागच्या जागी थांबला. हा शब्द त्याच्या धंद्यातला. जड कपाट जिन्यावरून उतरवताना सगळा भार खालच्या गड्यावर येतो. तो 'घेतलं' म्हणेपर्यंत वरच्याने हात सोडायचा नाही. आधी सोडला तर खालचा जिवानिशी जातो. ही गोष्ट त्याने तिला किती वेळा ऐकवली असेल, देव जाणे.

त्याने आत डोकावलं. त्याचा सामान उचलायचा रुंद पट्टा बायकोने कमरेला आवळला होता आणि पलंगाच्या कडेवरची ती पिशवी ती कवेत घेऊन खुर्चीवर न्यायला बघत होती. पायाशी वाळूची बादली होती. बादलीत प्लास्टिकचा मग.

क्रेनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पिशवीच जड होत होती! तो झिजत नव्हता. त्याला इतका आनंद झाला की तो मोठ्याने हसला.

"अगं बये, तू भरत होतीस होय वाळू? आणि इथे मी मेलो मेलो म्हणून झुरतोय."

ती दचकली. पिशवी धप्पकन खाली पडली.

"तुमच्यासाठी परत काढून ठेवायला हवी होती," ती म्हणाली. "लक्षातच आलं नाही माझ्या."

"पण तुला कशाला पाहिजे ही पैलवानकी?"

ती पलंगाला टेकली. "मागच्या खेपेला तुम्ही आत शर्ट घालत होतात ना, तेव्हा डॉक्टर माझ्याशी बोलले. रक्तातला आकडा वर चढतोय म्हणाले. इंजेक्शन आता पुरं पडत नाहीये. पुढे हाडांत उतरलं तर पाय..." तिने हाताच्या पाठीने घाम पुसला. "थोडी थोडी वाढवतेय. पण अजून तुमच्या वजनाच्या निम्म्यालाही नाही पोचले."

त्याचं हसू तोंडातल्या तोंडात विरलं. रविवारच्या त्या आठ्या त्याला आठवल्या. आधी तो चिडला. कोणावर, ते त्यालाही कळेना. मग त्याची नजर पट्ट्याकडे गेली. तो तिने साफ चुकीचा बांधला होता.

"पट्टा कमरेला नाही, खांद्यावरून घ्यायचा," तो म्हणाला आणि तिला उभं करून स्वतःच तो बांधून द्यायला लागला. "आणि कपाट कोणी उचलत नसतं. एका कोपऱ्यावर तोलायचं आणि वळवायचं. उचलायला गेलीस की गेली कंबर."

त्याने पिशवी पायाने बाजूला सारली. पलंगाच्या कडेला, जिथे आधी पिशवी होती तिथेच, तो बसला. दोन्ही हात तिच्या गळ्यात टाकले.

"गुडघे वाकव. पाठ सरळ ठेव. आता धर मला."

तिने त्याच्या काखेखालून हात घालून त्याला घट्ट धरलं. तो सवयीने तळवे जमिनीवर रोवून, सगळा भार स्वतःच्याच पायांवर पेलून उठला.

"घेतलं," ती म्हणाली.

त्याने पाय सैल सोडले.